नियम बदलतो तेव्हा



वर्गातले डॉक्टर समोर बसलेले असताना मेडिकल प्रवेशावर मी, एका सॉफ्टवेअरवालीनं बोलावं, याचं त्यांना हसू येत असेल. पण आपली दहावी 1997 ची. दोनच वर्षांनी, 1999 मध्ये, मेडिकलसाठी राज्याची सीईटी सुरू झाली. तोवर बारावीच्या गुणांवर काम भागायचं. मला इंजिनिअरिंगला तसाच प्रवेश मिळाला. बायॉलॉजीवाले मात्र बोर्डाची लांबलचक उत्तरं लिहून झाल्यावर पुन्हा पर्याय निवडायला बसले.

पुढे हे थांबलंच नाही. 2013 ला नीट आली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि पुन्हा सीईटी. 2016 ला तर कहरच. सीईटी 5 मे ला, आणि 28 एप्रिलला न्यायालयानं सांगितलं, प्रवेश नीटवरच! माझा भाचा त्या वर्षी बारावीला. राज्य मंडळाची पुस्तकं बाजूला ठेवून पोरं एनसीईआरटीची शोधत फिरत होती. 24 मे ला अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरते सरकारी जागांना सीईटीचे गुण धरले गेले. मधले चार आठवडे घरात कुणी नीट जेवलं नाही. (हा शब्दसुद्धा तेव्हा नकोसा झाला होता.)

प्रवेश देणाऱ्यांना यातलं काय दिसतं? काही नाही. समिती म्हटलं की टेबलापलीकडची माणसं डोळ्यांसमोर येतात, पण सीईटी सेलची यादी लागते ती नीटची गुणवत्ता, आरक्षण आणि मुलानं भरलेला पसंतीक्रम यांवर. बारावीला तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, राखीवला 40 झाले की त्या गुणांचं काम संपलं. दोघांचे नीटचे गुण सारखे आले तर आधी बायॉलॉजी बघतात. अशा याद्या लावणारे प्रोग्रॅम मी रोज लिहिते. पुस्तक कुणाला उशिरा मिळालं, याचा रकाना त्यात नसतो. नियम बदलला की शहरातल्या क्लासला आठवड्यात कळतं. खटावच्या वाडीवरल्या पोराला फॉर्म भरताना कळतं.

म्हणून एक मागणं आहे. शाळेच्या वाचनालयात एनसीईआरटीचे संच हवेत. दरवर्षीची माहितीपुस्तिका वाचून सांगणारं कुणीतरी हवं. डोमिसाइल, जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर हे दाखले अकरावीतच काढायला लावायला हवेत. पाच संचांचे पैसे मी आज कार्यालयात देऊन जाते आहे. डॉक्टरमंडळींनी वर्षातला एक रविवार द्यावा. तारीख जेवणाच्या पंगतीतच ठरवू.