पाट तीन, विहीर एकच
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



बाप्पासमोर उभं राहून धंद्याचं बोलायला संकोच वाटतो. पण हा बुद्धीचा देव, आणि हिशेब हे बुद्धीचंच काम. म्हणून आम्ही दोघे भाऊ ठेच लागून जे शिकलो, तेच सांगतो.

उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात वडिलांपासून एकाच कारखान्यासाठी गाड्यांचे सुटे भाग व्हायचे. शंभरातले नव्वद रुपये त्या एका गिऱ्हाइकाचे. 2019 मध्ये गाड्यांचा खप घसरला, ऑर्डरी निम्म्यावर आल्या. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. यंत्रं बंद, बँकेचे व्याज चालू. आईच्या पाटल्या गहाण ठेवून कामगारांचे पगार केले. हे चारचौघांत आज पहिल्यांदाच सांगतोय.

मग घाबरून दोन चुका केल्या. प्लॉट पाडण्याच्या धंद्यात भागीदारी घेतली. त्यातलं आम्हाला काही कळत नव्हतं, पैसे अडकले. नंतर दोन नवी गिऱ्हाइकं मिळवली, पण तीही गाड्यांच्याच धंद्यातली. म्हणजे पाट तीन झाले, विहीर एकच राहिली. ती आटली की तिन्ही कोरडे.

उत्तर आपल्याच गावच्या इतिहासात होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. तोवर कडबा यंत्रानं कारखाना तगवला. 1910 मध्ये बेळगाव सोडून किर्लोस्करवाडी वसवावी लागली, तरी काम वाढतच गेलं. पुढे पंप आले, 1946 मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. माल बदलत गेला, पण ओतकाम आणि यंत्रकाम हे मूळ कसब सुटलं नाही.

आम्हीही तेच धरलं. लेथ त्याच, कारागीर तेच. गाळप संपलं की पावसाळ्यात साखर कारखान्यांची दुरुस्ती निघते. ते काम घेतलं. उन्हाळ्याआधी पंपांच्या भागांना मागणी असते; तेही सुरू केलं. एकाचा हंगाम सरतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो. आज कुणाही एका गिऱ्हाइकाचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही. त्यासाठी मोठी ऑर्डर नाकारताना जीव खालीवर होतो, पण नाकारतो. आणि नवा प्रयोग शिल्लक नफ्यातूनच करायचा. कच्चा माल आणि पगार यांच्या पैशाला हात लावायचा नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची दुकानं, पेढ्या तीन-तीन पिढ्यांच्या आहेत. घरी गेल्यावर वही उघडून एवढंच पाहा: सर्वांत मोठं गिऱ्हाईक उद्या गेलं, तर पगार किती महिने देता येतील? आमचं उत्तर तेव्हा दीड महिना होतं.

पाटल्या गेल्या दिवाळीत सोडवल्या. प्लॉटचे पैसे मात्र अजून अडकलेलेच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!