चेंडू थांबायला जागा हवी

आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन आहे, तूर आहे, पैनगंगा आहे. पण गोल्फचं मैदान काही माझ्या पाहण्यात नाही. तरीही रिसोड तालुक्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा आज तुमच्याशी गोल्फबद्दल बोलणार आहे. कुणी किती लांब टोला मारला याबद्दल नव्हे, तर चेंडू ज्या भोकात घालायचा ते भोक कुठे पाडायचं, याबद्दल. शेतकीचं शिक्षण घेऊन मी पोटासाठी पुण्याकडे गेलो आणि एका मैदानावर गवत राखायच्या कामाला लागलो. निम्मं आयुष्य त्यातच गेलं.

आपण लहानपणी गोट्या खेळायचो. एकदा गल केली, की सुट्टी संपेपर्यंत तीच. गोल्फमध्ये तसं नाही. मैदानावर अठरा ठिकाणी अगदी बारीक, तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेली हिरवळ असते. तिला ग्रीन म्हणतात. प्रत्येक ग्रीनवर एक भोक, म्हणजे होल, आणि त्यात झेंड्याची काठी. होलचा व्यास सव्वाचार इंच. १८९१ सालापासून नियमानं तेवढाच. जागा मात्र स्पर्धेत रोज बदलते. चार दिवसांची स्पर्धा म्हणजे बहात्तर जागा शोधायच्या. एक तर होलभोवती पावलं पडून गवत दबतं. आणि दुसरं म्हणजे खेळाडूची परीक्षा रोज वेगळी व्हावी लागते.

जागा ठरवते स्पर्धेची समिती. तिचे लोक प्रत्येक ग्रीनवर चालून बघतात. साधारणपणे होल काठापासून निदान चार पावलं आत असावा. त्याच्या भोवतालची दोन-तीन फूट जमीन शक्य तितकी सपाट, निदान एकसारख्या उताराची असावी. काही होल डावीकडे, काही उजवीकडे, काही पुढे, काही मागे. बरेच जण सहा सोपे, सहा मध्यम, सहा कठीण असा हिशेब धरतात. जिथे दुरून टोला मारून यावं लागतं, तिथे चेंडू पडायला ऐसपैस जागा ठेवतात. पावसाची चिन्हं असली तर सखल भाग टाळायचा. मग पुढच्या काठापासून किती पावलं आणि बाजूनं किती, हे कागदावर मांडून प्रत्येक खेळाडूला देतात. लपवाछपवी नाही.

पहाटे आमचं काम सुरू व्हायचं. कटरनं मातीचा गोल गड्डा गवतासकट काढायचा, तो कालच्या होलात बसवायचा, पातळी जुळवायची, पाणी द्यायचं. यात मला शाळेपेक्षा बाबांचा जास्त उपयोग झाला. ते शेतात उभे राहून सांगायचे, पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल. उताराला आडवं पेरायचं, हे त्यांनी मला बोलायला लागल्यापासून शिकवलं. ग्रीनवर मी तेच बघायचो. जिकडे पाणी जाईल, तिकडेच चेंडू जाईल.

पण एकदा चुकलो. स्पर्धेचा दुसरा दिवस होता. समितीनं एका उतारावरची जागा सुचवली आणि मला विचारलं, "चेंडू थांबेल ना?" गवतावर दव होतं. मी चेंडू सोडून पाहिला, थांबला. मी हो म्हणालो. दुपारी ऊन चढलं, वारा सुटला, ग्रीन वाळून तुळतुळीत झाली. होलाच्या बाजूनं हळूच गेलेला चेंडू थांबेचना. घरंगळत पार खाली. सकाळी खेळलेल्यांना काही त्रास झाला नव्हता. आता होल हलवावा तर तेही बरोबर नाही. एका फेरीत सगळ्यांना एकाच जागी खेळायला मिळालं पाहिजे.

त्या दुपारच्या खेळाडूंत एक तरुण होता. आधी दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा कॅडी, मग स्वतः खेळाडू झालेला. दोन दिवसांनंतर जवळजवळ निम्मे खेळाडू गाळले जातात आणि त्यांना बक्षिसातला रुपयाही मिळत नाही. तो एका फटक्यानं गळाला. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "काका, माझा चेंडू चांगला गेला होता ना?" मी म्हणालो, "हो बाळा, चांगलाच गेला होता." त्यापुढे मला बोलवेना.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. १९९८ च्या अमेरिकन ओपनमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर, दुसऱ्या दिवशी अठराव्या ग्रीनवरचा होल असाच उतारावर होता. पेन स्टुअर्टचा सुमारे आठ फुटांवरून मारलेला चेंडू होलाला चुकवून पंचवीसेक फूट खाली गेला. स्टुअर्ट ती स्पर्धा ली जॅन्झेनकडून एका फटक्यानं हरला. माझी चूक त्यामुळे लहान होत नाही. तिथे निदान जगानं पाहिलं. आमच्या पोराचं कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. उद्याची जागा आज दुपारी, उन्हाच्या वेळेला तपासायची. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी चेंडू सोडायचा. होलाच्या आसपास थांबला तरच होकार. कुणी म्हणालं, "अहो, जरा अवघड असू द्या की," तर मी म्हणायचो, असू द्या. पेपर अवघड काढायला हरकत नाही. पण बरोबर उत्तराला गुण मिळाले पाहिजेत, आणि सकाळी बसलेल्याला एक पेपर, दुपारी बसलेल्याला दुसरा, असं होता कामा नये.

आता मी गावी असतो. कधी ग्रामपंचायतीत हातपंपाची जागा ठरवायची असते, कधी शाळेतल्या शर्यतीची रेघ आखायची असते. लोक मला बोलावतात. मी म्हणतो, थांबा, दुपारी एकदा येऊन बघू. लोक हसतात. पण दुपारी येतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)