इंग्रजी शब्दांची कमाई

20 सप्टेंबर 1878 रोजी मद्रासमध्ये सहा तरुणांनी एक रुपया बारा आणे उसने घेऊन एका इंग्रजी साप्ताहिकाच्या 80 प्रती छापल्या. त्या साप्ताहिकाचे नाव ‘हिंदू’. 1889 मध्ये ते दैनिक झाले आणि दक्षिणेतील अनेक घरांत मुलांच्या इंग्रजीचे ते जणू दुसरे पाठ्यपुस्तकच होऊन बसले. मद्रासचे नाव 1996 मध्ये चेन्नई झाले. परंतु नोकरीनिमित्त तेथे जाणाऱ्या मराठी माणसाची अडचण जुनीच आहे. तमिळ त्याला येत नाही, हिंदी तेथे बेताचीच चालते, आणि शाळेत शिकलेली इंग्रजी वर्तमानपत्राच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत दम टाकते.

अशा माणसाला बहुधा कादंबऱ्या वाचण्याचा सल्ला मिळतो. सल्ला वाईट नाही. मात्र कादंबरीत एकदा भेटलेला शब्द पुन्हा केव्हा भेटेल याची शाश्वती नसते. वीज, कोळसा, तेल, अंदाजपत्रक या विषयांवरील लेखांचे तसे नाही. तेथे थोड्याच शब्दांचे कुटुंब रोज नांदत असते. आज न कळलेला शब्द चार दिवसांनी पुन्हा दारात उभा राहतो. शिवाय विषय घरातला असतो. विजेचे बिल सर्वांनाच येते.

खरी अडचण अवघड शब्दांची नसून सोप्या शब्दांची आहे. अवघड शब्दासाठी माणूस कोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबतच नाही, आणि तेथेच फसतो. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे 70 किलोमीटरवर कल्पाक्कम येथे अणुवीज केंद्र आहे. त्याची पहिली अणुभट्टी 1983 च्या जुलैमध्ये ‘क्रिटिकल’ झाली. रुग्णालयात हा शब्द ऐकलेल्या माणसाच्या काळजात हे वाचून धस्स होईल. वस्तुतः ती आनंदाची वार्ता होती: भट्टीतील विभाजनाची साखळी आपली आपण चालू राहू लागली, एवढाच त्याचा अर्थ.

‘इन्फ्लेशन’ या शब्दाने तर भलेभले चकतात. ‘इन्फ्लेशन उतरले’ असे वाचले की भाव उतरले असे वाटते, आणि बाजारात गेल्यावर लेखक खोटारडा ठरतो. शंभर रुपयांची वस्तू एका वर्षात 106 रुपयांना झाली आणि पुढील वर्षी 110 रुपयांवर गेली, तर भाववाढीचा वेग सहा टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आला. खिशातून मात्र चार रुपये अधिकच गेले. चढण मंदावली, उतार लागलेला नाही. हा भेद ज्याला कळला नाही, त्याला शब्द पाठ असूनही लेख कळला नाही असेच म्हणावे लागेल.

मेगावॉट आणि युनिट यांचीही अशीच गल्लत होते. एक मेगावॉटचे यंत्र पूर्ण शक्तीने तासभर चालले तर एक हजार युनिटे वीज निर्माण होते. पहिली संख्या क्षमतेची, दुसरी प्रत्यक्ष निर्मितीची. कन्याकुमारीच्या बाजूस मुप्पंदल येथील पवनचक्क्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत जोमाने फिरतात आणि एरवी मंदावतात. क्षमता बाराही महिने तीच, निर्मिती मात्र ऋतूप्रमाणे बदलते. 2016 मध्ये तामिळनाडूत घरगुती ग्राहकांना दर दोन महिन्यांस पहिली 100 युनिटे मोफत देण्याचा निर्णय झाला. ‘फ्री’ हा शब्द लहान मुलासही कळतो. अर्थविषयक लेख त्याच जागी ‘सबसिडी’ म्हणतो, आणि लगेच प्रश्न उभा राहतो की ग्राहकाने न भरलेले पैसे भरले कोणी?

काही शब्द तर घरचेच निघतात. ‘टॅरिफ’ म्हणजे दरपत्रक. हा शब्द मूळचा अरबी; माहिती देणे, जाहीर करणे हा त्याचा अर्थ. इटालियन भाषेतून तो इंग्रजीत पोहोचला आणि जकातीच्या व विजेच्या दरांना चिकटला. फारसीच्या वाटेने मराठीत आलेली ‘तारीफ’ त्याचीच बहीण होय. विजेच्या दरांची तारीफ कोणी करील असे मात्र नाही!

शब्द असा आपल्या भाषेतील शब्दाशेजारी ठेवून पाहिला म्हणजे पक्का होतो. ‘लोड शेडिंग’ घ्या. यातील ‘शेड’ म्हणजे गाळणे, झाड पाने गाळते तसे. मराठीने त्याला ‘भारनियमन’ म्हटले; त्यात काळोखाचा मागमूस नाही, उलट शिस्तीचा भास आहे. तमिळ माणूस सरळ ‘मिन्‌वेट्टु’ म्हणतो, म्हणजे वीज तोडणे. तीन भाषांपैकी झाल्या प्रकाराचे नाव स्पष्टपणे घेणारी एकच आहे, आणि ती मराठी नव्हे.

‘हिंदू’च्या संस्थापकांपैकी जी. सुब्रह्मण्य अय्यर यांनी हे काम फार लवकर ओळखले होते. इंग्रजीत त्यांनी ब्रिटिश राज्याच्या आर्थिक बाजूंवर लिहिले. त्यांचा तो ग्रंथ 1903 मध्ये निघाला. पण त्यापूर्वीच, 1882 मध्ये, त्यांनी ‘स्वदेशमित्रन्’ हे तमिळ पत्र सुरू केले होते. 1904 मध्ये तेथे साहाय्यक संपादक म्हणून आलेल्या तरुण सुब्रह्मण्य भारतींच्या वाट्यास इंग्रजी मजकूर तमिळमध्ये उतरविण्याचे काम आले. महाराष्ट्रात बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 1832 मध्येच मराठी व इंग्रजी शेजारी शेजारी छापीत होते, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1855 मध्ये अर्थशास्त्राच्या परिभाषेवर पुस्तक लिहिले.

चेन्नईत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी वाचकाने वहीत तीन रकाने आखावेत: इंग्रजी शब्द, तो ज्या वाक्यात व ज्या आकड्यासह आला ते वाक्य, आणि मराठी शब्द. पहिले दोन रकाने भराभर भरतील. तिसऱ्यात ‘बजेट’समोर अंदाजपत्रक येईल, ‘डेफिसिट’समोर तूट येईल. ‘ग्रिड’समोर मात्र लेखणी थबकेल. जाळे लिहावे, की ग्रिडच राहू द्यावे?