कवडीमोलाचे चित्रपत्ते

अमेरिकेंतील मध्यमवर्गीय घरांच्या माळ्यावर किंवा तळघरांत पुठ्ठ्याच्या लांबट पेट्या सांपडतात. त्यांत अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच असे हजारों चित्रपत्ते दाटीनें उभे केलेले असतात. पत्त्याच्या एका बाजूस बेसबॉल, बास्केटबॉल अथवा तिकडील फुटबॉल खेळणाऱ्या एखाद्या खेळाडूचें चित्र, दुसऱ्या बाजूस त्याच्या कामगिरीचे वर्षवार आंकडे, आणि कोपऱ्यांत मालिकेंतील अनुक्रमांक. ज्यांचें बालपण काड्यापेट्यांवरील छाप जमविण्यांत गेलें, त्यांस या पेट्यांमागची माया समजावून सांगावयास नको. पन्नाशीस पोंचलेला मुलगा आईबापांचें घर आवरतांना ही पेटी उघडतो, आणि मुलीच्या कॉलेजची फी यांतून निघेल असा हिशेब मनांतल्या मनांत मांडतो. पहिल्याच दुकानदाराकडे त्याला कळून चुकतें कीं, हा माल पैशाला पासरी आहे.

त्याचा हिशेब चुकला, पण तो अगदींच निराधार नव्हता. टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या मालिकेंतील मिकी मँटल या खेळाडूचा एक पत्ता २०२२ च्या ऑगस्टमध्यें १ कोटि २६ लक्ष डॉलरांस विकला गेला. मात्र ज्या मालिकेंतला हा पत्ता, तिचा न खपलेला साठा त्याच कंपनीच्या साय बर्जर यांनीं १९६० च्या सुमारास बोटींत भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रांत बुडविला होता. घरोघरच्या आयांनींहि मुलांचा तो पसारा केराच्या टोपलींत टाकला. जें उरलें तें दुर्मिळ झालें, म्हणूनच मोलाचें ठरलें. पुढें जुन्या पत्त्यांच्या किंमतींच्या वार्ता वर्तमानपत्रांतून येऊं लागतांच लोक शहाणे झाले, आणि या शहाणपणानेंच घात केला. १९८१ पासून फ्लीअर व डॉनरस या कंपन्या बाजारांत उतरल्या, १९८९ मध्यें अप्पर डेक आली. छापखाने अहोरात्र चालले आणि प्रत्येक घरानें प्रत्येक पत्ता जपून ठेविला. १९९४ मध्यें बेसबॉलपटूंनीं संप केला तेव्हां लोकांची गोडीहि ओसरली. आज त्या काळांतला सामान्य पत्ता रद्दीहून फारसा वेगळा नाहीं.

तरीहि अशाच पत्त्यांवर कांहीं माणसें नियमित पैसा मिळवितात. हें कसें साधतें, तें पाहण्याजोगें आहे.

प्रथम तोट्याचा मार्ग पाहूं जातां, तो फार सोपा आहे. एका पत्त्याची किंमत एक डॉलर ठेवावी, टपालखर्च आपणच सोसूं असें जाहीर करावें, आणि ईबेसारख्या संगणकीय बाजारांत तो मांडावा. बाजाराची दलाली सुमारें आठवा हिस्सा, आणि प्रत्येक मागणीमागें वर सुमारें तीस सेंट. म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस सेंट तेथेंच गेले. २०२५ च्या जुलैमध्यें साध्या पत्राचें तिकीट ७८ सेंट झालें. शंभर सेंटांच्या विक्रीस एकशेंवीस सेंट खर्च, आणि लिफाफा व पत्त्यावरील पारदर्शक पिशवी अजून मोजलेलीच नाहीं! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण यापेक्षां अधिक चपखल क्वचितच लागू पडेल. असा आंतबट्ट्याचा व्यापार वर्षानुवर्षें करून खूष असणारे लोक आहेत. कारण ते रोज येणारी रक्कम पाहतात, जाणारी पाहत नाहींत.

आतां दुसरा मार्ग. ज्यास एखाद्या वर्षाची संपूर्ण मालिका पुरी करावयाची आहे, त्याला नामांकित खेळाडूंचे पत्ते केव्हांच मिळालेले असतात. अडून राहतात ते अनोळखी खेळाडूंचे वीस-पंचवीस क्रमांक. हे पत्ते कोणी वेगळे काढून ठेवीत नाहीं, म्हणून ते स्वस्त असूनहि सांपडत नाहींत. अशा ग्राहकानें वीस पत्ते पंचवीस सेंट भावानें घेतले तर पांच डॉलर झाले. टपालाचे दीड डॉलर तो निराळे देतो. एका पत्त्याचें वजन दोन ग्रॅमहूनहि कमी. तेव्हां दहा-दहांच्या दोन चळती शेजारीं शेजारीं ठेवल्या कीं पाकीट जाडहि होत नाहीं आणि दोन औंसांत बसतें. साडेसहा डॉलरांतून दलाली सुमारें एक डॉलर दहा सेंट, टपाल दीड डॉलर व वेष्टन चाळीस सेंट वजा जातां साडेतीन डॉलर हातीं राहतात.

परंतु शाळेंतील नफातोट्याच्या उदाहरणांत जी बाब कधींच नसते, ती येथें सर्वांत महत्त्वाची आहे: हे वीस पत्ते शोधण्यास वेळ किती लागला? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानें २००९ सालीं ठरविलेलें किमान वेतन तासास सव्वासात डॉलर आहे. अर्धा तास लागला तर त्या व्यापाऱ्यानें किमान मजुरीहि मिळविली नाहीं, पांच मिनिटें लागलीं तर त्याचा धंदा चांगला चालला. पत्त्याची खरेदी-किंमत जवळजवळ शून्य असल्यामुळें नफा मालांत नाहींच, तो मांडणींत आहे. म्हणून जाणते विक्रेते पेटी येतांच प्रथम वर्ष, मग कंपनी, मग अनुक्रमांक याप्रमाणें पत्ते लावून घेतात; विकण्याचा विचार त्यानंतर. हें काम कंटाळवाणें खरें, पण ग्रंथपालाला तें परकें वाटणार नाहीं. या छंदाचा आद्य सूचीकार जेफर्सन बर्डिक हाहि याच जातीचा माणूस. त्यानें जमविलेल्या तीन लाखांहून अधिक छापील वस्तु आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत आहेत.

लावतां लावतां अकल्पित लाभहि होतो. १९८९ च्या फ्लीअर मालिकेंत बिली रिपकेन नांवाच्या बेताच्याच खेळाडूच्या बॅटच्या मुठीवर सभ्य घरांत न उच्चारतां येणारा एक शब्द लिहिलेला दिसतो. छापणारांच्या नजरेंतून तो सुटला, आणि त्या एका शब्दानें पत्त्यास भाव आणला.

ज्यांस एवढी बैठक जमत नाहीं त्यांस चित्रपत्त्यांचा मेळावा बरा. तेथें टेबलावर दहा सेंटांची पेटी उघडी ठेवतात आणि ग्राहक स्वतःच खालीं वाकून तास तास पत्ते चाळतो. टपाल नाहीं, दलाली नाहीं, आणि निवडण्याचे श्रम ग्राहकाचे. विक्रेत्यानें टेबलाचें भाडें तेवढें काढावयाचें. गांवाप्रमाणें माल न्यावा हें उघडच आहे. शिकागोच्या संघाचे पत्ते शिकागोंत उचलले जातात, आणि फुटबॉलचे पत्ते सप्टेंबरांत मोसम सुरू होतांना.

येथें दोन गोष्टींचा निर्वाळा द्यावयास हवा. कोपरा झिजला असेल तर झिजला असेंच लिहावें. पंचवीस सेंटांच्या वस्तूसाठीं भांडण लागलें तर पैसे परत करणें हेंच स्वस्त पडतें, पण ग्राहक जातो तो कायमचा. आणि पत्ता कडक प्लॅस्टिकच्या कवचांत घातल्यावर त्यावर चिकटपट्टी थेट लावूं नये. ती सोडवितांना पत्ता हमखास दुमडतो आणि तिचा चिकटा कवचावर राहतो.

एवढें करूनहि पेटीचा मोठा भाग शिल्लक राहतोच. त्यांतून ग्राहकाच्या आवडत्या संघाचे तीन-चार पत्ते वेंचून, वजन दोन औंसांपलीकडे जात नाहीं हें पाहून, जुने विक्रेते ते त्याच पाकिटांत फुकट घालतात. पुढल्या महिन्यांत त्याच ग्राहकाकडून उरलेल्या क्रमांकांची यादी येते.