जिंकल्यावर प्रश्न कोण विचारणार?



आपल्यापैकी अनेकींच्या मुली अकरावी-बारावीला लातूर-नांदेडला राहतात. सुट्टीत आल्या की क्लासच्या नोट्सबरोबर एखादं गोष्टीचं जाडजूड पुस्तकही पिशवीतून निघतं. आज अशाच एका पुस्तकाविषयी बोलू. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही मालिका २००८ साली सुरू झाली. तिची मूळ गोष्ट संपवणारा तिसरा भाग, ‘मॉकिंगजे’, २०१० साली आला.

गोष्ट कल्पनेतल्या देशाची आहे. एक श्रीमंत राजधानी आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे. कुणी कोळसा काढतं, कुणी शेती करतं; पण पिकवणाराच उपाशी. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात. त्यांना एकमेकांना मारायला लावतात आणि ते टीव्हीवर दाखवतात. घरात दाणा नसेल तर लेकरानं जास्तीचं धान्य-तेल घ्यावं, पण त्याबदल्यात त्याच्या नावाची आणखी एक चिठ्ठी पडते. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. आज हातात पैसे येतात आणि पुढचा सगळा हंगाम कोयता बांधला जातो.

तिसऱ्या भागात बंड पेटलेलं आहे. सतरा वर्षांची कॅटनिस बंडाचा चेहरा झाली आहे. तिला खास पोशाख घालतात, कॅमेऱ्यापुढे उभं करतात, काय बोलायचं ते शिकवतात. चेहरा तिचा, निर्णय दुसऱ्यांचे. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. तरी कितीतरी गावांत फलकावर नाव ताईंचं आणि खुर्चीवर त्यांचे मालक, हे आपण पाहतोच.

पुढे राजधानी पडते, पण त्याआधी कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम बॉम्बमध्ये जाते. ती जखमी मुलांना मदत करायला धावली होती. तो बॉम्ब आपल्याच बाजूनं टाकला असावा, असा संशय कॅटनिसच्या मनात बसतो. बंडाची प्रमुख कॉईन नावाची बाई आहे. ती जिंकल्यावर म्हणते, आता राजधानीच्या मुलांना तोच खेळ खेळायला लावू. जुन्या राष्ट्राध्यक्षाला मारण्यासाठी कॅटनिसच्या हाती धनुष्य दिलेलं असतं. ती बाण सोडते, तो कॉईनवर.

काही मुलींना हा शेवट आवडत नाही. कॅटनिस उजाड गावात परत येते, महिनोन्‌महिने गप्प असते, झोपेत दचकते. पण दुःख असंच असतं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना विचारा. घर पुन्हा बांधता येतं, मन सावरायला वेळ लागतो. लेखिका लहान असताना तिचे वडील व्हिएतनामच्या युद्धात होते. म्हणून तिनं लढाईचा शेवट ढोल-ताशानं केला नसावा.

मला या पुस्तकातलं एकच सांगायचं आहे. वाईट माणूस गेला म्हणजे काम संपलं असं नाही. त्याच्या जागी आपलं माणूस बसलं, तर त्यालाही प्रश्न विचारावा लागतो. आणि आपल्या माणसाला विचारणं जास्त अवघड असतं. गटाची अध्यक्ष आपलीच जाऊबाई किंवा शेजारीण असते. ‘कर्ज कुणाला दिलं, किती परत आलं?’ हे विचारायला जीभ अडते. पण बाण चालवायची वेळ येऊ द्यायची नसेल, तर वही उघडावी लागते. हिशेब प्रत्येक बैठकीत मोठ्यानं वाचावा. पदं ठरल्या वेळी बदलावीत. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथं फक्त सही करून परतू नये.

या महिन्यात एका बैठकीला पंधरा मिनिटं लेकींना द्या. त्यांनी ही गोष्ट आपल्या भाषेत सांगावी. मग एक प्रश्न ठेवा. तोच खेळ पुन्हा घ्यायचा का, या मतदानात कॅटनिस ‘हो’ म्हणते आणि तिचा साथीदार पीटा ‘नाही’ म्हणतो. तुम्ही काय म्हणाला असता? आधी लेकींना बोलू द्या, मग आपण बोलू.