गॅरेजवाल्या दादाचा प्रश्न: ईव्ही आली, आता मी काय शिकू?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. चाकणजवळ त्यांचं गॅरेज आहे, पंधरा वर्षं बाइक खोलतायत. म्हणाले, "गिऱ्हाईक ईव्ही स्कूटर घेऊन येतं आणि मी हात जोडतो. आता माझं काय?" आयटीआयच्या पोरांचाही हाच प्रश्न असतो. म्हणून आजचा एपिसोड.

आधी धीराची गोष्ट. ईव्हीत प्लग, कार्बोरेटर, इंजिन ऑइल गेलं. पण ब्रेक, शॉकअप, बेअरिंग, टायर तिथेच आहेत. ते काम तुम्हाला आजच येतं.

मग नवीन काय? बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा. असे १६ सेल सिरीजमध्ये जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक. आता समजा, त्यातला एकच सेल कमजोर झाला. तो सगळ्यांच्या आधी रिकामा होतो, आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, अख्खा पॅक बंद करतं. बाकी १५ सेलमध्ये चार्ज शिल्लक, तरी गाडी रस्त्यात उभी! गिऱ्हाईक म्हणतं, मोटर गेली. खरं दुखणं कुठे आहे ते ओळखतो, तो ईव्हीचा मेकॅनिक.

पण जपून हं. पेट्रोलचा कॉक बंद होतो, बॅटरीला कॉक नसतो. चावी काढली तरी सेलमध्ये वीज असतेच. अंगठी, कडं आधी काढून ठेवा. कारमधला पॅक तर शेकडो व्होल्टचा. नारिंगी केबल दिसली की ट्रेनिंगशिवाय हात लावायचा नाही.

शिकायचं कुठे? दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. जवळच्या आयटीआयत आहे का, ते जाऊन विचारा. छोटा कोर्स करणार असाल, तर फी भरण्याआधी एकच विचारा: "पॅक, कंट्रोलर, चार्जर माझ्या हातात किती दिवस देणार?" उत्तर नुसतं पीपीटी आणि सर्टिफिकेट असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि दादा, तुमचा गृहपाठ. मल्टीमीटर घ्या. गॅरेजमधल्या साध्या बाइकची १२ व्होल्टची बॅटरी मोजा: आधी सगळं बंद असताना, मग हेडलाइट लावून, मग सेल्फ मारताना. आकडे वहीत लिहा. चांगली आणि कमजोर बॅटरी लोडवर कशी वेगळी वागते, ते तुम्हालाच दिसेल. ईव्हीचा पहिला धडा तोच.

आकडे मला व्हॉइस मेसेजवर नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!