चौथी चिठ्ठी



शाळा सातवीत सुटलेल्या व पुढे युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्रे वाचून शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाला चालकांनी येथे उभे केले, हे त्यांचे धाडसच म्हणावयाचे. विषय आहे, चीनचे गिऱ्हाईक आणि आपला छोटा कारखानदार.

गेल्या पावसाळ्यात वाकोल्यातलाच एक गृहस्थ आमच्याकडे आला. चामड्याची पाकिटे शिवण्याचा त्याचा धंदा. तीन मशिने, सहा कारागीर. एका दलालाने त्याला सांगितले होते की, ही पाकिटे मोबाइलवरून थेट चीनमधल्या गिऱ्हाइकाला विकता येतील. "भाऊ, सही करू का?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, "कागद ठेवून जा. वाचतो."

वाचता वाचता उमगले ते असे. परदेशी माल घरबसल्या मागविण्याची चीनमध्ये रीतसर व्यवस्था आहे. २०१५ साली हांगचौ शहरी तिचे प्रायोगिक क्षेत्र निघाले. माल दोन वाटांनी जातो. एक तर तो आगाऊ नेऊन जकात खात्याच्या देखरेखीखालच्या गुदामात ठेवावयाचा, नाहीतर मागणी येईल तसे एकेक पार्सल धाडावयाचे. २०१९ पासून एका गिऱ्हाइकाला एका खेपेस ५,००० युआन व वर्षाकाठी २६,००० युआनपर्यंतचा माल या सवलतीत घेता येतो. त्यावर आयात जकात नाही. मात्र माल सरकारमान्य यादीतला हवा. शिवाय मागणीची, पैशाची आणि वाहतुकीची अशा तीन चिठ्ठ्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. मगच पार्सल सुटते.

तीन चिठ्ठ्या! आम्ही चौथी शोधीत होतो, पाकीट शिवणाऱ्या हातांची. ती कोणीच मागत नाही. त्या गृहस्थाच्या कागदात अनामत होती, वर्षाची फी होती, विक्रीवर दलाली होती, गुदामभाडे होते आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड त्याच्याच माथी होता. आम्ही त्याला समोर बसवून हिशेब मांडला. यांतली एकही रक्कम त्याला कमी करता येण्याजोगी नव्हती. त्याच्या हातात एकच रक्कम उरत होती, कारागिराची मजुरी. तो बराच वेळ गप्प बसला.

मुंबईला चीनचे गिऱ्हाईक नवे नाही. अफूच्या पैशावर येथे वाडे उठले, ही लाजेची गोष्ट आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या गिरण्यांचे सूत गठ्ठ्यांनी चीनला जाई. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. चीनचा व्यवहार चांदीचा, त्यामुळे आमचे सूत तेथे महाग पडू लागले. तोवर जपानच्या गिरण्या उठल्या होत्या. पुढे शांघायमध्येही गिरण्या वाढल्या. हळूहळू गिऱ्हाईक गेले. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला यांतले काही कोणी विचारले नव्हते. गिरणी थांबली की मजुरी मात्र त्याची थांबे.

आजही तसेच आहे. २०२० च्या जूनमध्ये, गलवानच्या चकमकीनंतर, आपल्या सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली. तो निर्णय बरा की वाईट, यात आम्ही शिरत नाही. दोन सरकारांचे बिनसले की बाजाराचे दार एका रात्रीत लागू शकते, एवढेच ध्यानात ठेवावे.

मग विकूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. तो लिज्जत पापड आज परदेशी जातो, आणि लाटणारी प्रत्येक बहीण त्या संस्थेची भागीदार आहे. दूरचे गिऱ्हाईक वाईट नव्हे. एकट्याने आणि डोळे मिटून त्याच्याकडे जाणे वाईट.

म्हणून आम्ही त्या गृहस्थाला तीन गोष्टी सांगितल्या. आजूबाजूच्या कारखानदारांनी मिळून सहकारी संस्था काढावी आणि अनामत वाटून घ्यावी. सगळा माल एकाच बाजारावर सोडू नये. आणि सहीच्या आधी मजुरीचा दर कागदावर लिहून कारागिरांना वाचून दाखवावा. हीच ती चौथी चिठ्ठी.

त्याने अजून सही केलेली नाही. गेल्या महिन्यात मात्र पाच कारखानदार त्याच्या पोटमाळ्यावर एकत्र बसले. कारागीरही बसले होते. आम्हांला बोलावले होते, म्हणून हे ठाऊक.